नर्मदेचा काठ आणि औषधांच्या वेळा

नवी मुंबईत घर घेतलेल्या आमच्या पिढीतील अनेकांची कथा साधारण सारखीच आहे. सिडकोच्या वसाहतीत तरुणपणी आलो, मुले येथेच वाढली, शिकली आणि दूर गेली. आता संध्याकाळी विरंगुळा केंद्राच्या बाकावर बसून आम्ही एकमेकांच्या रक्तदाबाची चौकशी करतो. या बाकावर प्रवासाचा विषय निघाला की बोलणे बहुधा एकाच वाक्याशी येऊन थांबते : "आता या वयात कुठे?" कंपवात झालेल्या जोडीदारासोबत, स्वतः गाडी चालवत, तंबू बरोबर घेऊन नर्मदेची परिक्रमा करून आल्यानंतर या प्रश्नाचे थोडेफार उत्तर मला सापडले आहे. त्यात हौसेपेक्षा हिशेबच अधिक आहे. त्या हिशेबातील एक मोठी चूक माझी स्वतःची होती. ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

माझे यजमान ७४ वर्षांचे आहेत आणि मी ६९ वर्षांची. सात वर्षांपूर्वी त्यांना कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे, निदान झाले. उजव्या हाताचा कंप, मंदावलेल्या हालचाली, बारीक होत गेलेले अक्षर आणि अलीकडे दारात किंवा वळणावर पाय जमिनीला चिकटल्यासारखे थिजणे, अशी त्यांच्या आजाराची आजची अवस्था आहे. महाविद्यालयात असताना गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' वाचून त्यांनी निवृत्तीनंतर नर्मदेची पायी परिक्रमा करण्याचे ठरवले होते. निवृत्ती आली तेव्हा गुडघे दुखू लागले होते. गुडघ्यांवर उपचार झाले तोवर हा आजार आला. गेल्या वर्षी पावसाळ्यात एके दिवशी ते म्हणाले, "पायी नाही, पण गाडीने तरी होईल का गं?" सात वर्षांत त्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती.

मध्य प्रदेशातील अमरकंटकला उगम पावून खंबातच्या आखाताला मिळणारी नर्मदा १,३१२ किलोमीटर लांबीची आहे. तिची परिक्रमा म्हणजे नदी सतत उजव्या हाताला ठेवून एका काठाने समुद्रापर्यंत जाणे आणि दुसऱ्या काठाने परत येणे. पात्र मध्येच ओलांडायचे नाही आणि चातुर्मासात परिक्रमा करायची नाही, हे तिचे मुख्य नियम. पायी परिक्रमेचा परंपरागत काळ तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांचा मानला जातो. वाहनाने जाणारी मंडळी ती पंधरा-वीस दिवसांत पुरी करतात. आम्ही ३६ दिवस ठरवले. मुलीला ते पटले नव्हते. "आई, बाबांना झेपेल एक वेळ, पण तुला एकटीला झेपेल का?" असे तिने विचारले होते. तेव्हा मला तो प्रश्न उगीचच वाटला. पुढे जबलपूरला त्याची आठवण झाली.

तंबू कशासाठी?

नर्मदेच्या दोन्ही काठांवर परिक्रमावासीयांसाठी आश्रम आणि धर्मशाळा आहेत. तेथे शिजवलेला प्रसाद मिळतो, नाहीतर सदाव्रत म्हणून कोरडा शिधा मिळतो. आदरातिथ्यात कोठेच उणेपणा नसतो. परंतु झोपण्याची सोय बहुधा सतरंजीवर असते आणि शौचालय भारतीय पद्धतीचे, तेही अंगणाच्या पलीकडे. कंपवाताच्या रुग्णाला जमिनीवरून उठणे हे घाट चढण्याइतके अवघड असते. रात्री दोनदा उठावे लागले तर दोघांचीही झोप संपते.

म्हणून आम्ही आश्रमाच्या खोलीऐवजी त्याच्या अंगणात जागा मागत असू. त्या जागेत आत उभे राहता येईल एवढ्या उंचीचा तंबू, गुडघ्याच्या उंचीचे दोन घडीचे पलंग, कमोडची घडीची खुर्ची, बॅटरीवरचा मंद दिवा आणि गॅसची छोटी शेगडी असा आमचा संसार उभा राहत असे. कोणत्याही आश्रमाने नकार दिला नाही. एका ठिकाणी तर स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी आधी अंगण झाडून दिले आणि मगच तंबू लावू दिला. निर्जन काठावर आम्ही एकही रात्र काढली नाही. जवळ माणसे हवीत, पाणी हवे आणि गाडी तंबूच्या दाराशी लागली पाहिजे, या तीन अटी आम्ही शेवटपर्यंत पाळल्या. दर चौथी रात्र एखाद्या गावातील लॉजमध्ये, पाश्चात्त्य पद्धतीच्या शौचालयाची आणि गरम पाण्याची खात्री करून काढली.

निघण्याच्या महिनाभर आधी पनवेलजवळ एका परिचितांच्या शेतावर दोन रात्री रंगीत तालीम केली, हे फार बरे झाले. तंबूचे दार ठेंगणे असल्याने वाकावे लागते आणि वाकले की ह्यांचा तोल पुढे जातो, हे तेथे कळले, म्हणून तंबू बदलला. तंबूच्या ताणलेल्या दोऱ्या अंधारात पायात येतात, हेही तेथेच कळले, म्हणून प्रत्येक दोरीला पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या बांधल्या. ह्यांना झोपेत हातपाय झाडण्याची सवय आहे, जी या आजारात पुष्कळांना असते, म्हणून दोन पलंगांमध्ये हातभर अंतर ठेवले. ज्यांना अशा प्रवासाची इच्छा आहे त्यांनी घराजवळ एक तालीम अवश्य करावी. चुका घरापासून तासाभराच्या अंतरावर झालेल्या चांगल्या.

घड्याळाप्रमाणे रस्ता

कार्तिकी एकादशीनंतर आम्ही नेरूळहून निघालो. नाशिक आणि धुळे येथे मुक्काम करत तिसऱ्या दिवशी ओंकारेश्वरला पोहोचलो. दक्षिण तटावर ममलेश्वराचे दर्शन घेऊन, बाटलीत नर्मदेचे जल भरून संकल्प केला. ओंकारेश्वराचे मुख्य मंदिर मांधाता बेटावर असल्याने परिक्रमा पुरी होईपर्यंत तेथे जायचे नसते.

रोजच्या प्रवासाचा आराखडा मात्र नकाशावर आखला नव्हता. तो लेव्होडोपा या औषधाच्या वेळांवर आखला होता. सकाळी सात, अकरा, दुपारी तीन आणि संध्याकाळी सात या ह्यांच्या गोळ्यांच्या वेळा. गोळी घेतल्यावर साधारण अर्ध्या ते एक तासाने तिचा गुण दिसू लागतो आणि पुढची गोळी जवळ आली की तो ओसरतो. गुण चांगला असताना चालणे, अंघोळ आणि देवदर्शन. गुण ओसरत असताना गाडीत बसणे, असा क्रम ठेवला. त्यामुळे दिवसाला चार तासांपेक्षा अधिक गाडी चालवली नाही आणि दीडशे किलोमीटरच्या पुढे क्वचितच गेलो. दुपारी चारनंतर गाडी चालवायची नाही, हा नियम माझ्या डोळ्यांसाठी होता.

या औषधाचे जेवणाशी नाते आहे, ते नव्या रुग्णांच्या कुटुंबीयांना पुष्कळदा ठाऊक नसते. डाळ, दूध, दही, पनीर यांतील प्रथिने लेव्होडोपाच्या शोषणात अडथळा आणू शकतात. म्हणून गोळी जेवणापूर्वी अर्धा तास किंवा जेवणानंतर एक तासाने घेण्याचा सल्ला दिला जातो. आश्रमात प्रसादाची घंटा तिच्या वेळेला होते. आम्ही पोहोचताच व्यवस्थापकांना हे समजावून सांगत असू आणि ताट झाकून ठेवण्याची विनंती करत असू. आजार लपवला नाही तर लोक मदत करतात, हा अनुभव पहिल्या आठवड्यातच आला.

दर दीड तासाने गाडी थांबवायची, उतरून पाच मिनिटे उभे राहायचे, बसल्या जागी घोटे खालीवर हलवायचे, हे आम्ही दोघांनीही पाळले. दीर्घकाळ बसून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्त साकळण्याचा धोका वृद्धांना अधिक असतो. ह्यांना उठताना रक्तदाब एकदम उतरून घेरी येण्याचा त्रास आहे. त्यामुळे गाडीचे दार उघडल्यावर पाय बाहेर टाकून मिनिटभर बसायचे आणि मगच उभे राहायचे, असे ठरले होते. वृद्धापकाळी तहानेची जाणीव मंदावते. पाण्याची बाटली दिसते, पण प्यावेसे वाटत नाही. म्हणून दर थांब्याला अर्धा पेला पाणी, तहान असो वा नसो. कंपवातात बद्धकोष्ठ असतेच आणि प्रवासात ते वाढते. पाणी, फळे आणि रात्री इसबगोल यांनी ते आटोक्यात राहिले. इसबगोल घेतल्यावर पुरेसे पाणी प्यायले नाही तर मात्र ते उलटते.

"नर्मदे हर" आणि थिजलेली पावले

ओंकारेश्वराच्या पुढे दक्षिण तटावर खरगोन जिल्ह्यात रावेरखेडी आहे. २८ एप्रिल १७४० रोजी थोरल्या बाजीराव पेशव्यांचा येथे अंत झाला. नदीकाठी त्यांची समाधी आहे. मराठी माणसाच्या मनात या जागेविषयी जे दाटून येते, ते घेऊन आम्ही दाराशी गेलो आणि ह्यांची पावले उंबरठ्याशी थिजली. मागून आलेली माणसे खोळंबली. मी "चला ना" म्हणत हात ओढला. या प्रसंगी नेमके हेच करायचे नसते. ओढल्याने रुग्ण पडू शकतो.

इतक्यात मागच्या एका वृद्ध परिक्रमावासीने नेहमीच्या रिवाजाने मोठ्याने "नर्मदे हर" म्हटले. ह्यांनीही उत्तरादाखल "नर्मदे हर" म्हटले आणि 'हर' या अक्षरावर पाऊल उचलले गेले. आम्ही दोघे चकित झालो. परंतु न्यूरॉलॉजिस्टांनी पूर्वी सांगितलेली गोष्ट हीच होती. ताल ऐकू आला, अंक मोजले किंवा जमिनीवर ओलांडण्यासाठी रेघ दिसली, तर थिजलेली पावले पुष्कळदा सुटतात. आम्ही घरी "एक-दोन" मोजून पाहिले होते आणि कंटाळून सोडून दिले होते. त्या दिवसापासून प्रत्येक दारात, प्रत्येक वळणावर आम्ही दोघे संथ लयीत "नर्मदे हर" म्हणत गेलो. कोणाला ती भक्ती वाटली असेल. ती भक्ती होतीच, शिवाय उपचारही होता.

घाटांच्या पायऱ्यांबाबत मात्र आम्ही तडजोड केली नाही. पायऱ्या ओल्या, शेवाळलेल्या आणि कमी-अधिक उंचीच्या असतात. कठडा बहुधा नसतो. ह्यांनी घाटावर वर, सपाट जागी खुर्चीत बसायचे आणि मी कळशीने पाणी आणून त्यांच्या पायांवर घालायचे, असे आमचे स्नान. नर्मदेवर आता बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर ही मोठी धरणे आहेत. धरणातून पाणी सोडले की खालच्या बाजूची पातळी थोड्या वेळात वाढते. एप्रिल २००५ मध्ये मध्य प्रदेशातील धाराजी येथे अशाच वाढलेल्या पाण्यात अनेक यात्रेकरू वाहून गेले होते. भोंगा किंवा सूचना ऐकू आली तर धडधाकट माणूस पळू शकतो, आमच्यासारख्यांना ते शक्य नाही. त्यामुळे पाण्यात उतरण्याचा प्रश्नच आम्ही ठेवला नाही.

एक इंजेक्शन, जे टळले

पुढे बडवानीजवळच्या राजघाटानंतर गाडीचा मार्ग नदीपासून बराच दूर जातो. सरदार सरोवराच्या जलाशयाने जुना काठ व्यापला आहे. त्यामुळे रस्ता सातपुड्याच्या पायथ्याने नंदुरबार जिल्ह्यातील शहादा-प्रकाशा भागातून गुजरातेत उतरतो. या टप्प्यात दिवसेंदिवस नदी दिसत नाही आणि मोबाइलचे संकेतही येत-जात राहतात.

याच टप्प्यात एका गावी ह्यांना रात्रभर उलट्या झाल्या. सकाळी लहानशा दवाखान्यात गेलो. तेथील तरुण डॉक्टरांनी तपासून उलटीवरचे इंजेक्शन काढायला सांगितले. मी ह्यांच्या गळ्यातील कार्ड पुढे केले. त्यावर आजाराचे नाव, औषधे आणि वेळा यांच्या खाली न्यूरॉलॉजिस्टांनी ठळक अक्षरांत लिहिले होते की मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन आणि हॅलोपेरिडॉल ही औषधे देऊ नयेत. उलटीवर सर्रास दिली जाणारी पहिली दोन औषधे कंपवाताची लक्षणे एकाएकी वाढवू शकतात. डॉक्टरांनी कार्ड वाचले, इंजेक्शन बाजूला ठेवले, ह्यांच्या न्यूरॉलॉजिस्टांशी फोनवर बोलून दुसरे औषध दिले आणि सलाइन लावले. दोन दिवसांत ह्यांना बरे वाटले. दोष कोणाचाच नव्हता. आपला इतिहास ठाऊक नसलेल्या डॉक्टरांपुढे तो कागदावर मांडणे, हे रुग्णाच्या घरच्यांचे काम आहे.

भरूचचा पूल

दक्षिण तटाच्या शेवटी विमलेश्वर येथून परिक्रमावासी नावेने समुद्रसंगम ओलांडून उत्तर तटावरील मिठी तलाई येथे उतरतात. वाहनाने परिक्रमा करणारेही येथे नावेत बसतात आणि त्यांचा चालक गाडी भरूचच्या पुलावरून पलीकडे आणतो. नाव भरतीच्या वेळेवर सुटते, मग ती पहाट असो वा रात्र. प्रवास काही तासांचा असतो. चढता-उतरताना चिखल आणि पाणी तुडवावे लागते.

आमच्याकडे चालक नव्हता, कारण चालक मीच होते. पण खरे कारण वेगळे होते. नावेची वेळ भरती ठरवणार आणि ह्यांच्या शरीराची वेळ गोळी ठरवणार. गुण ओसरलेल्या अवस्थेत, चिखलातून, हलत्या नावेत त्यांना चढवणे म्हणजे इतर चारजणांनाही धोक्यात घालणे. दुसऱ्या बाजूला परिक्रमेचा मुख्य नियम होता. पात्र पुलावरून ओलांडले तर परिक्रमा खंडित झाली, असे मानणारे पुष्कळ आहेत. आम्ही अंकलेश्वरला दोन दिवस थांबून याच गोष्टीवर बोललो. मी म्हटले, "तुमचे स्वप्न आहे. तुम्ही सांगाल तसे. गाडी आणायला एखादा चालक शोधू." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नावेत मी पडलो तर तू उडी मारशील. तुला पोहता कुठे येते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, अकराच्या गोळीचा गुण आल्यावर, आम्ही २०२१ साली खुल्या झालेल्या नर्मदा मैया पुलावरून भरूचला आलो. शेजारी १८८१ सालचा जुना गोल्डन ब्रिज दिसत होता. पूल संपल्यावर ह्यांनी बाटलीतील जलाला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाले, "मैयाला पूल दिसला असेल, तसे कारणही दिसले असेल." त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. वाचकांपैकी कोणाला हा निर्णय चुकीचा वाटेल, त्यांच्याशी माझा वाद नाही. आजारी माणसाच्या प्रवासात काही गोष्टी सोडाव्या लागतात. काय सोडायचे, हे जिचे स्वप्न आहे त्या व्यक्तीने ठरवावे आणि सांभाळणाऱ्याने परस्पर ठरवू नये, एवढेच मी सांगेन.

माझी चूक

उत्तर तटावर नारेश्वर, टेंबे स्वामींचे समाधिस्थान गरुडेश्वर आणि पुढे अहिल्याबाई होळकरांचे महेश्वर असा प्रवास सुखाचा झाला. महेश्वरच्या घाटावर खानदेशातील एका जोडप्याशी ओळख झाली. ते तासभर ह्यांच्याजवळ बसले आणि मी एकटी पायऱ्या उतरून पाण्याशी गेले. सात वर्षांत असा मोकळा तास मला किती वेळा मिळाला, हे तेथे बसून मोजून पाहिले. आकडा येथे लिहीत नाही.

नेमावर सोडल्यावर माझे डोके दुखू लागले. गाडी चालवण्याचा शीण असेल, उन्हाने असेल, असे मानून मी चहा वाढवला. जबलपूरला ग्वारीघाटाजवळ औषधांच्या दुकानात ह्यांच्यासाठी डायपर घेत असताना भिंतीला हात लावून उभे राहावे लागले. शेजारच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, तो १८६ वर १०४ होता. "तुमच्या गोळ्या चालू आहेत ना?" त्यांनी विचारले. मी पटकन "हो" म्हणाले आणि मग आठवेना. पिशवी उघडली. रक्तदाबाच्या गोळ्यांचे पाकीट चार दिवसांपूर्वी होते तसेच होते.

ह्यांच्या गोळ्यांसाठी माझ्याजवळ आठवड्याचा डबा होता, चार गजर होते, तक्ता होता, गळ्यातले कार्ड होते. माझ्या एका गोळीसाठी काहीच नव्हते. ती चहाच्या डब्याबरोबर ठेवायची, एवढीच सवय होती आणि नेमावरला चहाचा डबा बदलला होता. मेंदूत रक्तस्राव होऊन गाडी चालवताना मी कोसळले असते, तर मागच्या सीटवर पट्टा लावून बसलेला, स्वतः दार उघडू न शकणारा माणूस काय करणार होता, हा विचार त्या रात्री मला झोपू देईना. मुलीने विचारलेला प्रश्न बरोबर होता.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोळी पुन्हा सुरू केली आणि जबलपूरला तीन दिवस पूर्ण विश्रांती घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातचा गजर वाजला तेव्हा ह्यांनी स्वतःची गोळी घेतली आणि थरथरत्या हाताने दुसरे पाकीट माझ्यापुढे धरले. "अगं, तुझी," एवढेच म्हणाले. त्या दिवसापासून माझी गोळी हे त्यांचे काम झाले. ते त्यांनी एक दिवसही चुकवले नाही.

पुढचा अमरकंटकचा टप्पा मी चालवला नाही. स्थानिक चालक घेतला. त्याचे पैसे वाचवण्याचा विचार मी आधी केला होता, याचेही आता नवल वाटते. अमरकंटक समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे आणि पौषात तेथे कडाक्याची थंडी असते. थंडीत ह्यांचे स्नायू अधिक ताठ होतात, म्हणून तेथे तंबू लावला नाही आणि दोनऐवजी एकच रात्र राहिलो. कुंडाचे दर्शन घेऊन निघाल्यावर वाटेत एका ठिकाणी पात्र अरुंद आणि काठ सपाट दिसला. महिनाभर जी नदी ह्यांनी घाटाच्या वर बसून पाहिली होती, तिच्यात त्यांनी तेथे काठावर खुर्चीत बसून स्वतःच्या हाताने पाणी घेतले. त्यानंतर दक्षिण तटाने नर्मदापुरम आणि हंडियामार्गे आम्ही ओंकारेश्वरला परतलो आणि जल अर्पण केले.

निघण्यापूर्वी

प्रत्येकाने परिक्रमाच करावी असे नाही. दोन दिवसांसाठी गावी जायचे असले, तरी पुढील गोष्टी उपयोगी पडतील.

• किमान सहा आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. प्रवास योग्य आहे का, हे आधी विचारा आणि मगच तारीख ठरवा. हृदयविकार, मधुमेह किंवा स्मृतिभ्रंश असल्यास आराखडा वेगळा लागेल.

• औषधांची यादी मूळ नावांनी, मात्रा आणि वेळांसह दोन प्रतींत ठेवा. टाळायची औषधे ठळक लिहा. एक प्रत रुग्णाच्या गळ्यात, दुसरी गाडीत.

• औषधे लागतील त्याच्या दीडपट घ्या आणि दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा. कंपवाताची औषधे लहान गावांत मिळतीलच असे नाही आणि ती अचानक बंद करणे धोक्याचे असते. बंद गाडीत उन्हामध्ये औषधे ठेवू नका.

• महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरात या तिन्ही राज्यांत रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक चालतो. रोजच्या मार्गावरील मोठे रुग्णालय आदल्या रात्री शोधून ठेवा. मोबाइलचे संकेत नसतील असे धरून पत्ता कागदावर लिहा.

• रोज ठरावीक वेळी घरी एक निरोप पाठवा. निरोप आला नाही तर कोणी काय करायचे, हे आधीच ठरवा.

• दर चौथा दिवस विश्रांतीचा ठेवा. तो भरपाईसाठी वापरू नका.

• घरी असतानाच स्वमदत गटाशी संपर्क ठेवा. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या गटांतून जे व्यावहारिक ज्ञान मिळते, ते पुस्तकांत सहसा सापडत नाही.

• सांभाळणाऱ्या व्यक्तीचीही तपासणी त्याच दिवशी करून घ्या आणि तिची औषधे त्याच तक्त्यावर लिहा.

नेरूळला परतलो तेव्हा गाडीच्या मोजणीत ४,३०० किलोमीटरच्या आसपास वाढ झाली होती. ह्यांचा आजार होता तेथेच आहे. प्रवासाने तो बरा होणार नव्हता आणि तशी अपेक्षाही नव्हती. डॉक्टरांनी तपासून एका गोळीची मात्रा किंचित वाढवली. दारात पाय थिजले की आता शेजारच्या घरातली लहान मुलेसुद्धा "नर्मदे हर" म्हणतात.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर औषधांचा तक्ता पूर्वीसारखाच लावला आहे. पूर्वी त्यात एकच रकाना होता, आता दोन आहेत. दुसऱ्या रकान्यात रोज सकाळी सातला एक वेडीवाकडी, कापरी खूण उमटते. ती खूण ते करतात.